थोरलीला न दाखवलेली पुस्तकं

स्वराज्य आलं त्या साली लगीन होऊन मी शाहूवाडीकडनं शिवाजी पेठंत आलो. मालकांची पयली बायको बाळंतपनात गेलती. मागं एक पोरगी हुती, धा-एक वर्सांची. दुसरीनं पयलीचा टाक गळ्यात घालायचा, ही आमच्यातली रीत. चांदीचा एवढासा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली बाई. तिला नाक न्हाई, डोळं न्हाई. घरात तिला थोरली म्हनायचं. नवं लुगडं आलं की आदी टाकापुढं ठेवायचं, हळदकुंकू लावायचं, मग मी नेसायचं. भांडं असूं दे, म्हस असूं दे, पयलं तिला दाखवायचं. चुलीपुढं एकटी बसलो की वाटायचं, कोनतरी मागं उभं ऱ्हाऊन माझं काम बगालंय.

पोरगी मला मावशे म्हनायची. तिच्या शिक्षनासाठी मी म्हशी पाळल्या. शेन काढून हाताला भेगा पडल्या, त्या अजून हायत. कॉलेजात तिनं शिक्षनशास्त्र आनि समाजशास्त्र, दोनी घेतलं.

"म्हंजे काय गं?" मी इचारलं.

"एकात पोरं कशी शिकत्यात ते. दुसऱ्यात मानसं अशी का वागत्यात ते."

"मग दुसरं तुज्या आज्जीला इचार की. फुकट सांगंल."

लई हसली.

एकदा सरांनी सांगितलं, घरातली एक रीत लिवून आना, ती पाळनाऱ्या बाईलाच इचारून. पोरगी माझ्यापुढं बसली. "मावशे, टाक घालताना तुला काय वाटतं?"

आजवर ह्ये कुनी इचारलं नव्हतं.

"गार लागतो," मी म्हनलो. "मग अंगाएवढा गरम हुतो. मग कळत न्हाई, माझं अंग कुठलं नि तिचा पत्रा कुठला."

सासूनं आतनं ऐकलं. "मेलेल्या आईला कॉलेजात नाचवतीस व्हय गं?"

परीक्षेच्या तोंडावर पोरगी तापानं पडली. ताप हटंना. सासूनं देवरुशी आनला. त्यानं तांदूळ टाकलं नि सांगितलं, थोरली रुसलीया, तिला ही पुस्तकं नकोत. मालक म्हनले, "ताप उतरला की लगीन. कॉलेज बास."

पोरीनं भिताडाकडं तोंड केलं. बोलंना, खाईना. शेजारची म्हातारी बगायला आली, ती उंबऱ्यातच थांबली. "अगं बाई! थोरलीच की गं ही!"

पोरगी वाळून वाळून आईवर गेलती. एवढी वर्सं मी त्या बाईला गळ्यात घालून हिंडालतो, पन तिचं तोंड त्या दिशी पयल्यांदा बगितलं. त्या तोंडावर राग नव्हता. रुसलेलं मात्र हुतं.

मग माझ्या ध्यानात आलं.

"आत्याबाई," मी सासूला म्हनलो, "लुगडं दाखवलं, म्हस दाखवली. पुस्तकं घरात आली, ती थोरलीला कुनी दाखवली?"

रीत चुकली म्हनल्यावर सासू लगीच उठली, पाट मांडला. मी गळ्यातला टाक काढून ठेवला, त्याच्यापुढं पुस्तकं ठेवली, हळदकुंकू वाह्यलं. पोरीला उठवून बसवलं. "वाच तुज्या आईला."

तिनं वाचलं. आवाज तिचा वाटंना. मला एक अक्षर कळालं न्हाई. सासू हात जोडून ऐकत हुती. मालक दारात.

"काय म्हनली थोरली?" सासूनं मला इचारलं.

"न्हाई म्हनली न्हाई."

मालकांनी टोपी घातली नि कामावर गेले. कॉलेज बास, ह्ये परत तोंडातनं काढलं न्हाई. पुढं बायका म्हनायच्या, चलाखी केलीस. चलाखी न्हाई. मला खरंच तसं दिसलंतं.

ताप त्याच्या टायमाला उतरला. परीक्षेच्या सकाळी सासूनं पोरीच्या हातावर दही दिलं. मी कोपऱ्यापतूर गेलो. भिताडाला धरत धरत चालली, पन गेली. ती दिसंनाशी होईपतूर मी बगत उभी ऱ्हायलो. माझ्या पाठीमागनं आनखी कोनतरी बगत हुतं.

मी मागं वळलो न्हाई. बगूं दे म्हनलं, पोटभर.