कॅमेरा निवडताना भेटलेली म्हैस

खडकीच्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यात मी सत्तावीस वर्षं बाहेरून आलेला माल तपासतो आहे. आलेला सुटा भाग मापायचा, नकाशाशी ताडून बघायचा आणि पास किंवा नापास ठरवायचं. या कामाने माणसाचा स्वभाव बिघडतो. मंडईत मी वांगंसुद्धा उजेडाकडे धरून बघतो. म्हणून एक्कावन्नाव्या वर्षी मला फोटोग्राफी शिकायची हुक्की आली आणि पहिलावहिला कॅमेरा घ्यायचं मी जाहीर केलं, तेव्हाच घरच्यांनी सावध व्हायला हवं होतं.

घरचे म्हणजे बायकोच. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि आमच्या क्वार्टरमधल्या संध्याकाळी एकदम रिकाम्या झाल्या. बायकोने पोहायचा क्लास लावला. मी कॅमेऱ्यांचे व्हिडिओ बघायला लागलो. तीन महिन्यांत ती तलावाची लांबी न थांबता पार करू लागली आणि मला कॅमेऱ्यातला आयएसओ म्हणजे काय हे कळलं.

मला हवा होता नवशिक्यांसाठीचा साधा डीएसएलआर. एवढ्याशा गोष्टीसाठी मी आलेख-कागदाचा मोठा ताव आणून कपाटाच्या दाराला चिकटवला. डावीकडे मॉडेलं, वर गुण: मेगापिक्सेल, वजन, बॅटरी, पकड. सुरुवातीला चौदा मॉडेलं होती. महिन्याला दोन-दोन नापास करत मी दोनवर आलो आणि तिथे अडकलो. एकाची पकड चांगली, दुसऱ्याचा फोकस जलद. कॅमेरा ठरेना, पण कॅमेरावाल्यांचं बारा खिशांचं जाकीट मात्र मी पहिल्याच आठवड्यात घेऊन ठेवलं होतं. खिशांत काय ठेवायचं ते ठरलं नव्हतं. एकात माझा चष्मा असायचा, आणि तो कुठल्या एकात हे रोज शोधावं लागायचं.

सातव्या महिन्यात बायको म्हणाली, "अहो, मला बघायला आला होतात तेव्हा बशीतले पोहे संपायच्या आत होकार दिला होतात. आणि कॅमेऱ्याला सात महिने?"

यावर मला एक उत्तर सुचलं होतं, पण संसाराचा अनुभव असल्यामुळे मी ते गिळलं आणि दुसऱ्या दिवशी पेठेतल्या एका जुन्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो.

दुकानदार सत्तरीचे होते. फडक्याने एक लेन्स पुसत बसले होते.

"बोला."

मी बोललो. साधारण दहा मिनिटं बोललो. दोन्ही मॉडेलांचे गुणदोष, परदेशातल्या परीक्षकांची मतं, माझी स्वतःची निरीक्षणं. त्यांनी पुसणं थांबवलं नाही.

"झालं?"

"हो."

"काढणार काय?"

"म्हणजे?"

"फोटो हो. कशाचे काढणार?"

माझ्या तक्त्यात चौदा ओळी आणि अकरा रकाने होते, पण हा प्रश्न त्यात कुठेच नव्हता. मी म्हणालो, "असं काही नाही. जे सुंदर दिसेल ते."

"सुंदर दिसेल ते सगळं आपला मोबाइल काढतो. त्याला कॅमेरा कशाला?"

त्यांच्या मागच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं आणि त्यावर कुठलासा निळा पक्षी होता. मी घाबरून म्हणालो, "पक्षी."

"पक्ष्यांना आपण म्हणता त्या कॅमेऱ्यांबरोबर येणारी लेन्स पुरायची नाही. शिवाय ती दोन्ही मॉडेलं आता येत नाहीत. कंपन्यांचं लक्ष बिनआरशाच्या, त्या मिररलेस कॅमेऱ्यांकडे लागलंय. आपण विचार करत होतात ना, तेवढ्यात बंद झाली."

सात महिने ज्यांची तुलना केली ती दोघंही माझा निकाल लागायच्या आत निवृत्त झाली होती. माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. "शनिवार-रविवार एक भाड्याने न्या," ते म्हणाले. "आधी हात बसवा. जुने चांगले आहेत माझ्याकडे, ते कुठे पळून जात नाहीत."

घरी सांगितलं तेव्हा बायकोने डोक्याचा टॉवेल सोडला. "पक्षी? तुम्ही? गॅलरीत पारवा बसला तर झाडू घेऊन धावता!"

तरी शनिवारी उजाडता उजाडता मी जाकीट चढवलं, भाड्याचा कॅमेरा गळ्यात अडकवला आणि स्कूटरवरून सोलापूर रस्त्याने निघालो. लोणी काळभोरच्या अलीकडे नदीकाठी पक्षी येतात असं व्हिडिओत बघितलं होतं. काठावर माझ्याआधी सात-आठ जण पोचले होते. त्यांच्या लेन्स बघून मला क्षणभर कामावर आल्यासारखंच वाटलं. एवढी लांबलचक नळकांडी आमच्याकडे वेगळ्या कामासाठी बनतात. माझी लेन्स त्यांच्यापुढे फुलपात्राएवढी होती.

मी दोन तासांत तीनशे फोटो काढले. त्यांत पाणी होतं, आभाळ होतं, आणि मधे कुठेतरी साबुदाण्याएवढा ठिपका होता. एक पांढरा पक्षी मात्र फारच सहकार्य करत होता. हलत नव्हता, उडत नव्हता. मी चिखलात गुडघा टेकून त्याचे चाळीसेक फोटो घेतले. शेवटी शेजारची एक मुलगी अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "काका, तो थर्माकोल आहे."

मी "हो, हो, फोकस तपासत होतो" असं काहीतरी म्हणालो आणि डबा खायला काठापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब गेलो.

तिथे एका लिंबाखाली गोठा होता. साठी उलटलेली एक बाई बादलीने म्हैस धूत होती. माझ्या गळ्यातला कॅमेरा बघून तिने हाक मारली, "ओ फोटूवालं! हिचा एक फोटू काढून द्याल का?"

मी इकडेतिकडे पाहिलं. 'फोटूवालं' म्हणजे मीच होतो.

"म्हशीचा, मावशी?"

"मंग काय माजा? इकायचीय. लेकानं मोबाइलवर काढलाय, पर त्यात म्हस शेळीवानी दिसतीया. तसला फोटू बघून कोण येनार?"

मी डबा ठेवला आणि कॅमेरा डोळ्याला लावून म्हशीच्या तोंडाजवळ गेलो. लगेच आवाज आला, "त्वांडाकडं कशाला जाताय? तिला काय नवरा बघायचाय? कास दिसली पायजे. घेनारा आदी कास बघतो. हितं, कडंला या. थांबा, ऊन पाठीवर पडू द्या. आता मागं सरा."

ती सांगत गेली आणि मी सरकत गेलो. मागे सरताना डावा पाय शेणात गेला, पण ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, धुता येतंय. आता काढा."

मी काढला. म्हैस राखाडी आली. इथे मात्र सात महिन्यांतली एक गोष्ट उपयोगी पडली. कॅमेऱ्यापुढे काळं आणलं की त्याला वाटतं अंधार झाला, आणि तो सगळंच उजळ करतो. ते कसं थांबवायचं हे एका व्हिडिओत होतं. मी चकती फिरवली, दोन पावलं आणखी मागे गेलो आणि पुन्हा काढला. आता म्हैस काळीभोर आली. धुतलेल्या पाठीवर ऊन लकाकत होतं. शिंगांच्या वळ्या मोजता येत होत्या. कास तर अशी भरलेली दिसत होती की मीसुद्धा ती म्हैस घेतली असती.

बाईने ओला हात पदराला पुसला आणि कॅमेऱ्याच्या पडद्याजवळ तोंड आणलं.

"आता दिसतीया माजी," ती म्हणाली.

"मग विकताय कशाला, मावशी?"

"गुडगं ऱ्हायलं न्हाईत. धार काढायला बसलं की उठवत न्हाय. लेक कंपनीत जातो, सुनंला सवय न्हाय. दुसऱ्या वेताची हाय, गुणाची हाय. चांगल्या घरी जाईल."

तो फोटो कॅमेऱ्यातून माझ्या मोबाइलवर कसा आणायचा हे मला येत नव्हतं. तेवढ्या वेळात दोनदा चहा झाला. शेवटी मी कसाबसा तिच्या मुलाच्या नंबरवर तो पाठवला आणि डबा न खाताच घरी आलो.

बुधवारी मुलाचा फोन आला. "काका, म्हैस गेली बघा! थेऊरच्या माणसानं नेली. तीन गावांतनं फोन आलं. आनि आमच्या शेजारी दोन हायेत, त्यांचा बी काढायचाय. रविवारी येताय का?"

मी पुन्हा भाड्याने कॅमेरा घेऊन गेलो. पुढच्या दीड-दोन महिन्यांत मी अकरा म्हशी, चार गाई आणि एक बैल काढला. बैलाला माझं जाकीट आवडलं नाही, त्याने एक खिसा उचकटून नेला. पक्षी एकही काढला नाही. बायको शेजारणींना सांगायची, "आमचे हे लग्नाळू म्हशींचे फोटो काढतात."

मग एके दिवशी मी पेठेतल्या त्या दुकानात गेलो. ते तसेच लेन्स पुसत होते.

"मिळाले का पक्षी?"

"नाही. म्हशी मिळाल्या."

त्यांनी पहिल्यांदाच फडकं खाली ठेवलं. मी मोबाइलवर फोटो दाखवले. एक-एक करत त्यांनी सगळे पाहिले आणि कपाटातून एक जुना कॅमेरा काढून काचेवर ठेवला. "हा घ्या. लेन्स ही साधीच. म्हैस उडत नाही."

ते मॉडेल माझ्या तक्त्यात नव्हतंच. चौदांपैकी कुठल्याहीपेक्षा ते जुनं होतं. मी पाच मिनिटांत घेतलं, ना उजेडाकडे धरलं, ना लेन्स काढून आत डोकावलं. बाहेर आल्यावर माझं मलाच कसंतरी झालं. घरी बायकोने कपाटावरचा तक्ता उतरवला आणि डाळींच्या डब्यांखाली अंथरला.

पावसाळ्यानंतर त्या बाईच्या मुलाचा पुन्हा फोन आला. म्हणाला, आई म्हणते, तो पहिला फोटो मोठा करून पाहिजे. मी तो छापून, काचेची चौकट करून घेऊन गेलो. गोठा झाडून काढलेला होता. आत एक सायकल उभी होती.

बाईने चौकट दोन्ही हातांनी धरली आणि भिंतीकडे गेली. तिथे तिच्या नवऱ्याचा फोटो होता, त्याला चंदनाचा हार होता. मुलाने शेजारी खिळा ठोकला आणि म्हैस टांगली. सुनेने सवयीने आतून दुसरा हार आणला.

"अगं, हार कशाला?" सासू ओरडली. "जित्ती हाय ती! थेऊरला दूध देतीया!"

सून हसत हार घेऊन आत गेली. बाई मागे सरून फोटो बघत राहिली. मला वाटलं, आता दोन शब्द कौतुकाचे येतील. मी थोडा ताठ झालो.

"शेपूट तोडलीया की वो तुमी," ती म्हणाली.

मी पुढे होऊन पाहिलं. खरंच, शेपटीचा गोंडा चौकटीबाहेर राहिला होता. इतक्या दिवसांत मला ते दिसलं नव्हतं, म्हैस घेणाऱ्याला दिसलं नव्हतं, दुकानदारांनाही नाही.

"चुकलं, मावशी. पुढच्या वेळी नीट काढतो."

"फुडच्या येळंला कुटली? गेली की ती."

मग तिने मला बसायला सांगितलं आणि सुनेने चहा आणला. चहा पिशवीच्या दुधाचा होता. बाईने दोन घोट घेतले आणि कप खाली ठेवून दिला.