नानांनी चार्जर घेतला

नाना कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी तिच्यावर उलटा पंजा ठेवायचे. पोराचा ताप बघतात ना, तसा. कलिंगड असो, कंदील असो, नाहीतर शिलाई मशीन. पंजा ठेवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "एकदाच घ्यायचं, पण पारखून घ्यायचं." मग न घेताच घरी यायचे.

त्यांचं खरं नाव मी सांगत नाही. आमच्या चिंचवडच्या गल्लीत ते सगळ्यांचेच नाना. रस्तेबांधणी खात्यातून निवृत्त झालेले, पत्नी कधीच गेलेली, घरात ते आणि मुलगी मालू. तिसरी होती गाडी. लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात घेतलेली. आयुष्यात न पारखता घेतलेली ही एकच वस्तू, आणि तिनं त्याचं पुरेपूर उट्टं काढलं होतं.

ती गाडी धक्क्याशिवाय सुरू होत नसे. मी तेव्हा पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात नवा लागलो होतो. सकाळी डबा घेऊन बाहेर पडावं, तर नानांची हाक आलीच, "अहो, जरा हात लावता का?" डबा ओट्यावर ठेवायचा आणि लागायचं कामाला. समोरच्या बायजाबाईंचा मुलगा, न्हावी, देवळातले गुरव, सगळे मागून ढकलणार. स्टेअरिंगवर मात्र मालू. शाळेत शिकवणारी मुलगी, पण क्लचवरचा पाय असा की भल्याभल्या ड्रायव्हरांनी शिकावा. नाना आमच्यातच, मध्यभागी. चिंचेच्या वळणाशी आलो की ते ओरडायचे, "आता!" मालू पाय उचलायची, गाडी खोकायची, धुराचा लोट आमच्या तोंडावर सोडायची आणि चालू व्हायची. मग मालू बाजूला सरकायची आणि नाना ऐटीत चक्रावर बसायचे.

"नाना, दुसऱ्या कुणाला बसवा की स्टेअरिंगवर, मालूताईंना शाळेला उशीर होतो," असं मी एकदा म्हणालो.

"क्लचवर पाय मालूचाच," ते म्हणाले. विषय संपला.

दोष बॅटरीचा होता. ती हायवेवरच्या दुकानात भरायला टाकायची, तर दुकानदार घाईनं भरून द्यायचा आणि आठवडाभरात ती पुन्हा बसायची. तेव्हा नानांनी ठरवलं, घरीच चार्जर आणायचा. ठरवलं, एवढंच. पुढची दोन वर्षं ते चार्जर बघत होते!

अधूनमधून मलाही बरोबर नेत. पुण्यात बुधवारातल्या दुकानात शिरायचं, चार्जर लावायला सांगायचा आणि समोर स्टुलावर बसायचं. तासभर. मालकाच्या पैशानं चहा. मग पेटीवर उलटा पंजा. "तापतो हो तुमचा." पुढचं दुकान. प्रश्न तर असे की बिचारा दुकानदार घामाघूम. संध्याकाळी वीज मंद होते तेव्हा हा काय करतो? बॅटरी भरत आली की काटा आपोआप खाली येतो का? "पोट भरल्यावर वाढत राहणारा नको मला. पाणी उकळवून मारून टाकेल. सावकाश भरणारा पाहिजे. आणि गुणगुणला तर चालेल, खडखडला तर नाही." वर हेही, की पूर्वी कुणी घेतलाय, त्यांचा पत्ता द्या, मी जाऊन विचारून येतो.

एकदा मालू हे ऐकून म्हणाली, "नाना, चार्जर बघताय की जावई?"

आम्ही हसलो. नाना नाही हसले. कारण जावयाचंही अगदी तसंच चाललं होतं, आणि ते गल्लीला ठाऊक होतं. मालूचं वय वाढत होतं. चाकणचा कांद्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा आला, तो फार बोलतो म्हणून नको. चऱ्होलीचा आला, तो काहीच बोलत नाही म्हणून नको. बायजाबाई मूळच्या ताथवड्याच्या, तोंडाच्या फटकळ. त्या ओट्यावरून ऐकवायच्या, "अवं नाना, पोरगी काय जल्मभर गाडीच हाकनार हाय व्हय?" नाना आत निघून जायचे. मला नानांचा राग यायचा, खरं सांगतो. दुसऱ्याच दिवशी मात्र हाक आली की मी डबा ठेवायचोच.

मग तळेगावचा मुलगा आला. पोहे झाले, चहा झाला. पाहुण्यांना स्टेशनवर सोडायला नानांनी गाडी काढली आणि गाडीनं नेहमीप्रमाणे अब्रू घालवली. आधीचे पाहुणे अशा वेळी बाजूला उभे राहून घड्याळ बघत. मुलीला चक्रावर बसलेली पाहून एका वरमाईनं तर पदर तोंडाला लावला होता. या मुलानं कोट काढला, बायजाबाईंच्या हातात दिला आणि आमच्यात येऊन खांदा लावला. ना घाई, ना आरडाओरडा. गाडी सुरू झाल्यावरच हात काढला.

नाना त्याच्याजवळ गेले आणि त्याच्या घामेजल्या पाठीवर त्यांनी उलटा पंजा ठेवला. डोळे मिटले. तो बिचारा गोंधळून आमच्याकडे बघतोय! बऱ्याच वेळानं नाना म्हणाले, "तापला नाही." आवाज मात्र पडलेला होता.

त्यानंतरच्या रविवारी नाना पुण्याहून टांग्यानं आले. मांडीवर करड्या रंगाची बोजड पेटी. चार्जर! गल्ली गोळा झाली. मी म्हटलं, "अखेर मिळाला म्हणायचा मनासारखा?"

"बरा आहे," नाना म्हणाले.

बायजाबाईंनी पेटीकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या, "ठरलं म्हना की मालूचं. आता चक्रावर कोन बसनार, म्हून आनलाय ह्यो डबा." नानांनी मान हलवली.

लग्नापर्यंत रोज संध्याकाळी ओसरीवर चार्जर गुणगुणायचा आणि सकाळी गाडी बटण दाबताच सुरू व्हायची. आम्ही बेकार झालो. पण पाठवणीच्या दिवशी सगळे रडून मोकळे झाले, मालू मागच्या सीटवर बसली, नानांनी बटण दाबलं, आणि गाडी ढिम्म.

"लावायचा राहिला," नाना पुटपुटले. चार्जरच्या काट्यासाठी दोन वर्षं पुणं पालथं घालणारा माणूस म्हणतो, लावायचा राहिला! मालू उतरली, शालू सावरला आणि जाऊन चक्रावर बसली. नवरदेवानं मुंडावळ्या कानामागे सारल्या आणि खांदा लावला. त्याच्या शेजारी नाना.

चिंचेचं वळण आलं, "आता" नाही. वळण मागे पडलं. पुढून मालूचा आवाज आला, "नाना, आता?"

"अजून थोडं," नाना म्हणाले.

आम्ही पार हायवेपर्यंत ढकलत नेली. कुणी कुरकुर केली नाही. तिथं नाना एकदाचे म्हणाले, "आता." ओरडले नाहीत, नुसतेच म्हणाले. पण तिला ऐकू गेलं.

पुढं एरवी वर्षभर गाडी कधी अडायची नाही. फक्त दिवाळीला मालू माहेरी आली की बॅटरी हटकून बसलेली असायची. आम्ही विचारायचो, "काय नाना, आजही राहिला का लावायचा?" ते म्हणायचे, "वय झालं आता, विसरतो," आणि बाह्या सरसावायचे.

नाना गेले तेव्हा चार्जर लावलेलाच होता. दिवसकार्य उरकल्यावर गाडी तळेगावला न्यायची ठरली. आम्ही बाहेर येऊन उभे होतो, सवयीनं. मालू चक्रावर बसली, बटण दाबलं, आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. नवरा तिच्या शेजारी बसायला निघाला.

तिनं वळून आमच्याकडे पाहिलं. मग इंजिन बंद केलं.

"नाही होत सुरू," ती म्हणाली, "जरा हात लावता का?"

नवऱ्यानं कोट काढला. आम्ही सगळ्यांनी मागून हात लावला, मधली जागा तेवढी मोकळी ठेवून. चिंचेचं वळण आलं आणि गेलं. "आता" म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून आम्ही ढकलतच राहिलो.