खिरापत ओळखा

पदर खोचायचा, चपला कडेला काढायच्या आणि मुलींच्या पंगतीत मधेच फतकल मारायची. "सरका ग थोड्या." झाशीच्या ओरछा गेटजवळच्या आमच्या सरकारी शाळेतल्या मोठ्या बाई दुपारी अशा जेवायला बसायच्या. मुख्याध्यापिकेने खुर्चीवर बसायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नसावं. अशा एखाद्या बाई तुम्हीही पाहिल्या असतील.

शाळेतल्या शिक्षिकांत मराठी आम्ही दोघीच. मी रेल्वेवाल्यांची मुलगी, त्या जुन्या पुरोहितांच्या घरातल्या. माझ्या मराठीत हिंदी घुसली की म्हणायच्या, "किती ग खडे तुझ्या डाळीत!" आणि पुढचं वाक्य स्वतःच हिंदीत बोलायच्या.

स्वयंपाकाला कुसुमा आली. दलित वस्तीतली. लगेच वरच्या गल्लीतल्या मुली घरून डबे आणू लागल्या. एकीची आई तर फाटकात उभी राहून म्हणाली, "हमाई मोड़ी इनके हाथ को नईं खैहै." आमची पोर हिच्या हातचं खाणार नाही म्हणे. पंगत अशीच ओस राहिली तर कुसुमाचं काम जाणार, हे उघड होतं. बाई कुणाशी भांडल्या नाहीत. रोज ताट पुढे करून मोठ्याने म्हणायच्या, "और दो, कुसुमाजी." मुली बघायच्या आणि आपापले डबे उघडायच्या.

आश्विनात बाईंनी शाळेत भोंडला मांडला. मधे पाटावर हत्ती, भोवती रिंगण. या पोरींना भोंडल्यातलं काय कळणार, असं मला वाटलं होतं, पण नाचायला मिळतंय म्हटल्यावर सगळ्या आल्या. खिरापत बाईंनी कुसुमाला शिकवून तिच्याकडूनच करून घेतली होती. "ओळखल्याशिवाय डबा उघडायचा नाही," असं त्यांनी बजावलं. पेढे, गुजिया, खुरमी, शक्करपारे, सगळं सांगून मुली दमल्या. डब्यात होती वाटली डाळ. झाशीच्या पोरींनी ती जन्मात पाहिली नव्हती, आणि हे बाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं. नियम तर मोडायचा नाही. मुली रडकुंडीला आल्या. शेवटी कुसुमानेच झाकण किलकिलं केलं आणि चिमूटभर डाळ समोरच्या मुलीपुढे धरली. "चखके बताओ, बिन्नू." इकडे पोरींना लाडाने बिन्नू म्हणतात. नेमकी ती फाटकात उभ्या राहिलेल्या त्या आईची पहिलीतली मुलगी. तिने खाल्ली. मग सगळ्यांचेच हात पुढे आले.

हे मुद्दाम केलंत का, असं विचारलं की बाई म्हणायच्या, "एवढी अक्कल असती तर कलेक्टर नसते झाले?"

डबे हळूहळू बंद झाले, कुसुमा टिकली. पण त्या मुलीला आईने दुसऱ्याच दिवशी शाळेतून काढलं. बाईंच्या जिवाला ते फार लागलं. "पोर काय छान नाचत होती, आणि मी तिची शाळा घालवली," म्हणायच्या. तिच्या घरी कितीदा गेल्या, दारातूनच परत आल्या. निवृत्तीनंतरही फोनवर त्यांचा पहिला प्रश्न तोच, "आली का ग ती?"

गेल्या थंडीत बाई गेल्या. तेरावा होऊन आठवडाही झाला नसेल. ऐन जेवणाच्या वेळी ती आई, आता उंच झालेल्या त्याच मुलीचा हात धरून, शाळेत आली. का आली, मी विचारलं नाही. मुलगी जाऊन पंगतीत बसली. कुसुमा पळी घेऊन नुसती उभी, आईच्या तोंडाकडे बघत.

"परस दो," आई म्हणाली. "भूखी है."

मला बाईंचा असा राग आला म्हणून सांगू! एवढी वर्षं वाट पाहिली, अजून एक महिना थांबल्या असत्या तर काय बिघडलं असतं त्यांचं?