नाव घ्यायची भीती

दीपालीला उपचारातली पहिलीच पायरी घरात चढता येईना. पायरी तरी केवढी, दिवसातून वीस वेळा मोठ्याने ‘साप’ म्हणायचं.

दोन वर्षांपूर्वी अंगणवाडीत जाताना, पाखाडीच्या, म्हणजे डोंगरउतारावरच्या पायवाटेच्या, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर, तिच्या पुढे चालणाऱ्या बाईला पान लागलं. साप चावला म्हणायची आपल्याकडे सोय नाही. पान लागलं म्हणायचं. बाई वाचली, पण दीपालीची पाखाडी सुटली. ती अंगणवाडीसेविका. तेव्हापासून तिचा नवरा विनोद तिला चार किलोमीटरच्या फेऱ्याने गाडीवरून सोडायचा. आता हातखंब्याच्या हॉटेलात त्याला पहाटेची पाळी लागली. म्हणजे सोमवारपासून पाखाडी, नाहीतर राजीनामा.

रत्नागिरीच्या समुपदेशक बाईंनी तिला वहीत पायऱ्या लिहून दिल्या होत्या. आधी शब्द, मग चित्र, मग मोबाईलवर व्हिडिओ, मग रबरी साप हातात आणि शेवटी पाखाडी, एकटीने. “भीती वाढेल, वाढू द्या. पळू नका. थांबलात की ती आपली आपण उतरते,” बाई म्हणाल्या. दहापैकी किती भीती वाटली, तेही लिहायचं.

सांगायला काय जातं! पहिल्याच संध्याकाळी तिने ‘साप’ म्हटलं आणि सासू गोदा चुलीपासून धावत आली.

“नाव नको घेव गो. नाव घेतला का येता. जनावर म्हण.”

नवऱ्याचं नाव निदान उखाण्यात तरी घेता येतं. ह्याचं तेही नाही. शेवटी दीपाली गावाबाहेरच्या उघड्या सड्यावर जाऊन कातळालाच ‘साप, साप’ ऐकवून आली. परतल्यावर गोदाने मीठमोहरीने तिची दृष्ट काढली. रबरी साप विनोदने लपवून ठेवला, उगाच जिवाला त्रास कशाला म्हणून. दीपालीच्या डोक्यात तिडीक जायची, पण भांडणार कुणाशी? सगळे तिच्या भल्यासाठीच करत होते.

वहीतल्या मधल्या पायऱ्या तशाच राहिल्या, तरी सोमवारी ती एकटी निघाली. तिसऱ्या पायरीवर पाय थिजले. दहापैकी नऊ. घाम फुटला, तरी ती थांबून राहिली. नवाचे आठ होतायत असं वाटतंय, तोच मागून ठकठक ऐकू आली. विनोद पाळी बदलून आला होता. काठी आपटत, पाला झोडपत तो खाली उतरला.

“मी पुडं होतो. वाट मोकळी करतो.”

दीपालीचा संयम सुटला. “दोन वर्सं तुमी वाट मोकळी करताव, आनि माजी भीती हाय तितंच हाय. सापान काय केलान मला? काय नाय. ही भीती तुमी पोसलाव.”

विनोदने काठी काखेत मारली. मग मागे बघत बघत तो वर गेला आणि वळणाआड दिसेनासा झाला.

पाखाडीवर आता कुणीच नव्हतं. आठाचे पुन्हा नऊ झाले. त्याला हाक मारावी असं तिला फार वाटलं. तिने हाक गिळली आणि चौथ्या पायरीवर पाय ठेवला.