अठ्ठेचाळीस मात्रांची जागा

मिस्टर व्हिटलो कुठल्याही खोलीत शिरले की आधी ती वाजवून बघत. अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या आमच्या कम्युनिटी हॉलमध्ये ते पहिल्यांदा आले, तेव्हा मी साठ खुर्च्या मांडून, मोजून, यादीवर टिक करून उभी होते. त्यांनी हात मिळवला, "गुड मॉर्निंग, मिस मेधा" म्हणाले आणि एकेका खुर्चीच्या पाठीवर बोटांच्या पेरांनी टकटक करत निघाले. दोन खुर्च्यांशी थांबले. "या बाजूला काढ. या बसायच्या नाहीत." मी यादीत लिहिलं, 'दोन मोडक्या.' त्यांनी चष्म्यावरून कागदात डोकावून पाहिलं. "मोडक्या नाहीत, मॅडम. वाद्यं आहेत."

ते आफ्रिकन-अमेरिकन संगीतकार. न्यूअर्कमध्ये वाढले, आयुष्यभर शाळेत बँड शिकवला आणि निवृत्तीनंतर स्वतःचं संगीत लिहायला बसले. त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली. आमच्या गावातल्या गायनवृंदाची मी मॅनेजर. मला गाता येत नाही. पण चाळीस माणसं, त्यांच्या गाड्या, त्यांचे डबे आणि त्यांच्या सबबी यांची व्यवस्था मला लावता येते. माझा नवरा अविनाश तिथे तबला वाजवतो. मिस्टर व्हिटलोंचं बोलणं अर्थातच इंग्रजी. इथे मी ते मराठीत देते आहे.

"तुमचे पूर्वज आफ्रिकेतल्या कुठल्या देशातले?" असं कुणी विचारलं की ते म्हणत, "पत्ता विचारू नका, चाल विचारा. चाल माझ्यापर्यंत पोचली, पत्ता नाही पोचला." एकदा ते घानाला ढोल शिकायला गेले होते. तिथल्या पोरांनी त्यांना परदेशी पाहुणा म्हणून हाका मारल्या, हे ते स्वतःच हसत सांगत. "पन्नास वर्षं वाट बघून घरी गेलो, तर घरचे विचारतात, कोण पाहिजे?" त्यांची बारा मात्रांची चाल ऐकून अविनाश खूश झाला. "ही सेम आमच्या एकतालासारखी आहे!" मिस्टर व्हिटलोंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सारखी म्हणू नकोस. शेजारची म्हण. शेजारी आवडला म्हणून त्याच्या घरात राहायला जात नाही ना आपण?" अविनाश दोन दिवस हेच वाक्य मला ऐकवत होता.

ते स्वरलेखनाचे कागद वाटत नसत. "कागद दिला की माणसं कागदाला गाणं ऐकवतात." सगळं कानांनी आणि पायांनी शिकायचं. बारा मात्रांवर डावीकडे झुलायचं, पुढच्या बारांवर उजवीकडे. मला हा कारभार पसंत नव्हता, पण वृंद गायला लागला, हे खरं.

आमच्यासाठी त्यांनी नवी रचना केली. गाणाऱ्यांनी आपल्या आईचं नाव गायचं, मग आजीचं, पणजीचं, खापरपणजीचं. असं मागे जायचं आणि मग पुन्हा एकेक पिढी पुढे यायचं. नावं गोळा करण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं. मी तक्ता केला. मधला मुख्य भाग मिस्टर व्हिटलोंच्या स्वतःच्या घराण्याचा होता आणि तो वृंदातली रूथ गाणार होती. आई लोरेटा, आजी पर्ल, पणजी हॅटी. त्यापुढची चौकट त्यांनी कोरी सोडली होती.

कोरी चौकट मला बघवत नाही. आपल्याकडे पूजेला बसल्यावर गोत्र आठवलं नाही तर गुरुजी 'काश्यप' म्हणतात आणि पुढे जातात. काम अडत नाही. मी त्याच हिशोबाने चांगलं, शोभेलसं एक आफ्रिकन नाव इंटरनेटवरून शोधलं, तिथे घातलं आणि तक्ता रूथला पाठवला. पुढच्या तालमीत तिने ते नाव फार सुरेख गायलं.

मिस्टर व्हिटलोंनी हात वर केला. सगळे थांबले. "ही कोण?"

"मी घातलं," मी म्हणाले. "जागा रिकामी होती."

ते रागावले नाहीत. चहाच्या सुट्टीत त्यांनी पाकिटातून एक घडी घातलेली झेरॉक्स काढून माझ्यासमोर उलगडली. साउथ कॅरोलिनातल्या एका शेतमालकाकडच्या गुलामांची सरकारी नोंद. डावीकडे अनुक्रमांक, मग वय, मग स्त्री की पुरुष. नावाचा रकानाच नाही. त्यांचं बोट एका ओळीवर टेकलं. स्त्री, वय बावीस. "या शेतावर त्या वयाची एकच बाई होती. हॅटीची आई. माझ्याकडे तिचं एवढंच आहे."

मी तो कागद बघत राहिले. रेघा सरळ होत्या, अक्षर टापटीप होतं, एकही खाडाखोड नव्हती.

"यादी चांगली ठेवलीय, नाही?" ते म्हणाले. "तिला एकदा दुसऱ्याने लिहिलं, मिस मेधा. आता पुन्हा दुसऱ्याने नको. नाव नाही, तर अठ्ठेचाळीस मात्रा कुणी काही गायचं नाही, वाजवायचं नाही. तेवढी जागा तिची."

घरी येऊन मी नागपूरला आईला फोन केला. "आई, तुझ्या आजीचं नाव काय गं?"

"रमाबाई. पण ते सासरी ठेवलेलं."

"आणि माहेरचं?"

"कुणास ठाऊक. कधी कुणी विचारलंच नाही. तुला आत्ता कशाला हवंय? जेवलीस का?"

मिस्टर व्हिटलोंना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "तुझा फक्त धागा सुटला, माझा कापला होता. पण त्या अठ्ठेचाळीस मात्रांत जागा पुष्कळ आहे. तिलाही बसव."

कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी हॉल समितीच्या अध्यक्षबाईंनी मला आणि मिस्टर व्हिटलोंना बोलावलं. पाऊण मिनिट स्टेजवर सामसूम? लोकांना वाटेल माइक गेला. तिथे ढोल तरी वाजवा, नाहीतर तो भाग कापा. मिस्टर व्हिटलोंनी ऐकलं आणि टोपी उचलली. "मग कार्यक्रम नको. यापेक्षा मोठं काम माझ्या हातून आता होणार नाही, आणि हे मी अर्धवट ऐकवणार नाही."

मी त्यांना खाली बसवलं आणि अध्यक्षबाईंसमोर मिनिटामिनिटाचं वेळापत्रक ठेवलं. "तुमचं स्वागताचं भाषण सात मिनिटांचं आहे. त्यातलं एक मी घेते. पाऊण मिनिट शांततेला, उरलेलं टाळ्यांना." त्यांनी वेळापत्रक दोनदा वाचलं. मग त्यांनी सही केली. मिस्टर व्हिटलो बाहेर आल्यावर म्हणाले, "तू माझ्या विरुद्ध बाजूला नाहीस, हे बरं आहे."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी ते विंगेत माझ्या शेजारी उभे होते. रूथने 'हॅटी' गायलं, आणखी एक पिढी मागे गेली आणि थांबली. चाळीस माणसं गप्प. माझ्या हेडसेटमध्ये लाइटवाला कुजबुजला, "मेधा, विसरले वाटतं हे. पुढचा लाइट आणू?"

"हात लावू नकोस."

पहिल्या बारा मात्रांत कुणीतरी खोकलं. कार्यक्रमपत्रिका सळसळल्या. दुसऱ्या बारांमध्ये मला कुठूनतरी करकर ऐकू आली. कुठे काही सैल झालंय का म्हणून मी घाबरून बघितलं, तर ती स्टेजची लाकडी जमीन होती. कुणी गात नव्हतं, पण सगळे झुलत होते, डावीकडे आणि उजवीकडे, आणि त्यांच्या वजनाने फळ्या बरोबर चालीत करकरत होत्या. तिसऱ्या बारांमध्ये ते करकरणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं असावं, कारण खोकणं बंद झालं. मी घड्याळ बघायचं विसरले.

अठ्ठेचाळीस संपल्या. रूथने श्वास घेतला आणि परतीच्या वाटेवरचं पहिलं नाव गायलं. हॅटी.

मिस्टर व्हिटलोंनी डोळे न पुसता माझ्या कानाशी वाकून म्हटलं, "ऐकलंस? कुणाच्या तरी पोटातून आली हॅटी."