सोडलेले पाणी

शिरूरच्या शाळेत मी संस्कृत शिकवीत असे, आणि एका रविवाराआड एस.टी.ने दौंडला जाऊन माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी उपासना चालवीत असे. दौंडला त्या काळी आमची मराठी ख्रिस्ती घरे मोजकीच होती. रेल्वेच्या साहेबलोकांचे चर्च होते, पण तेथील सारे इंग्रजीत चाले. "गाडी कुठं निघाली तेच कळत न्हाई," असे अक्का म्हणे. म्हणून तिच्या पुढच्या खोलीत दोन सतरंज्या अंथरून आम्ही दहा-अकरा जण बसत असू.

अक्का विधवा होती. तिचा एकुलता एक मुलगा इंजिनावर फायरमन होता. आठ महिन्यांपूर्वी मंडळीबाहेरच्या मुलीशी लग्न करण्यावरून मायलेकांत वाद झाला आणि त्याने सोलापूरला बदली मागून घेतली. तेथे जाऊन त्याने लग्नही केले. त्या दिवसापासून अक्काची प्रार्थना थांबली. उपासनेत ती बसे, गायनात ओठ हलवी, परंतु एकेकाने प्रार्थना करावयाची वेळ आली आणि पाळी तिच्यावर आली की ती पदर सावरून म्हणे, "पुढं चला." जिच्या मांडीवर बसून मी पहिली प्रार्थना शिकलो, तिच्या तोंडचे हे दोन शब्द मला फार लागत.

त्याहून कठीण गोष्ट अशी की मुलगा दर रविवारी आणि गुरुवारी दौंडवरूनच जात असे. त्याची गाडी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास येई आणि इंजिन पाणी भरून घेईपर्यंत थांबे. स्टेशन घरापासून हाकेच्या अंतरावर होते. शिटी ऐकू आली की अक्काचे हात, जे काही करीत असतील ते, थांबत. आणि गाडी हलली की पुन्हा चालू लागत. तो कधी आला नाही. तीही कधी गेली नाही.

तिचे तोंड उघडावे म्हणून मी एक निराळी उपासना रचावयास घेतली. आमच्याकडे एक बोले आणि बाकीचे खोकत. मला असे काही हवे होते की ज्यात प्रत्येकाच्या हाताला काम असेल आणि जिभेला विश्रांती. ज्याला बोलता येत नाही त्यालाही देवासमोर काही करता येईल. शाळेच्या कोऱ्या वहीत मी क्रम मांडला. प्रथम एक गायन, मग येशू विहिरीकाठी एका बाईकडे पाणी मागतो तो उतारा, मग पाव तास मौन. नंतर प्रत्येकाने पातेल्यातून ओंजळभर पाणी घ्यावे, ज्याची चिंता जिवाला लागली आहे त्याचे नाव मनात घ्यावे आणि ते पाणी मधल्या परातीत सोडून त्या माणसाला प्रभूच्या हाती द्यावे. मी आशीर्वाद म्हणेपर्यंत कोणी बोलू नये.

क्रियापदासाठी मी तीन दिवस अडलो होतो. 'अर्पण करावे' लिहिले आणि खोडले. आमच्या मंडळीत अर्पण म्हटले की हात खिशाकडे जातात. 'वाहावे' लिहिले, त्याला देवळाचा वास होता. 'सोडावे' हे मला निर्मळ वाटले. दान देताना उदक सोडतात, हे मी पुण्याला माझ्या शास्त्रीबोवांपाशी शिकलो होतो. संस्कृताकडे माझे लक्ष इतके होते की आपल्या घरातली मराठी मला ऐकू आली नाही.

मंडळीचे एक पंच दौंडलाच राहत. त्यांनी रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन म्हणून आयुष्य काढले होते. त्यांना आम्ही आबा म्हणत असू. बेत ऐकून ते म्हणाले, "गुरुजी, मौन-बिन हे जोग्यांचं काम. आज परात आणलीत, उद्या घंटा आणाल."

"आबा, एकदा बसून तर पाहा."

"बसतो की. पण न्हाई पटलं तर पाळकसाहेबांच्या कानावर घालणार. मंग ही बैठक बंद. आधीच सांगून ठेवतो."

चैत्रातला रविवार होता. साडेचारला आम्ही बसलो. गायन झाले, उतारा झाला आणि मौन सुरू झाले. पाव तास किती लांब असतो हे मला त्या दिवशी कळले. कौले तापून तडतडत होती. कोणाला तरी उचकी लागली आणि ती दाबताना अधिकच मोठी आली. आबा डोळे मिटून बसलेच नाहीत; फाटकावरच्या गेटमनसारखे ते एकेकाकडे पाहत होते.

मग पातेले फिरू लागले. परातीत पाणी पडल्याचा आवाज, मग शांतता, मग पुन्हा आवाज. एका म्हातारीने ओंजळ रिकामी करून ओले हात तोंडावरून फिरवले. मला वाटले, साधले. पातेले अक्कापुढे आले. तिने ओंजळ भरली, परातीवर धरली, आणि ती तशीच राहिली.

बोटांमधून थेंब गळू लागले. मी वाट पाहिली. तिला क्रम नीट समजला नसावा असे समजून मी, माझाच नियम मोडून, हळू आवाजात म्हणालो, "अक्का, त्याचं नाव घे आणि सोड पाणी."

तिने मान वर केली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"पुन्यांदा?" ती म्हणाली. "पुन्यांदा सोडू?"

मला कळेना.

"तो उंबऱ्यात उभा व्हता. पिशवी खांद्याला. मी म्हणले, जा, तुझ्यावर मी पाणी सोडलं. ह्याच तोंडानं म्हणले. तो गेला. आन् आता देवासमोर बसवून तू मला तेच करायला सांगतोस?"

माझी वही माझ्या मांडीवर उघडी होती. 'सोडावे' हा शब्द स्वच्छ अक्षरात लिहिलेला होता. मराठी घरात माणसावर पाणी सोडतात म्हणजे काय करतात, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. ते त्या तीन दिवसांत आठवले नाही, एवढेच. आणि तिची प्रार्थना कोणत्या वाक्यापाशी अडून बसली आहे, हे आठ महिन्यांत मी एकदाही विचारले नव्हते.

आबांकडे पाहण्याचे मला धैर्य नव्हते. बैठक बंद होणार यात शंका उरली नव्हती. पण तेवढ्याने भागले असते तर बरे, असे वाटत होते. अक्का आज उठून गेली तर पुन्हा सतरंजीवर बसणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होते.

तेवढ्यात शिटी झाली.

अक्काच्या ओंजळीत आता चमचाभरही पाणी उरले नव्हते. तिने हात खाली आणले. ती उठली, मागच्या भिंतीतल्या फळीवरून मुलाचा पितळी पेला काढला, परत येऊन परातीपाशी बसली आणि परातीतले पाणी, जे आम्ही सर्वांनी सोडले होते ते, हाताने पेल्यात भरू लागली. एका हाताने पेला धरून दुसऱ्याने भरणे जमेना; पेला परातीच्या काठावर वाजत होता.

"अहो, सगळ्यांच्या हातचं पाणी हाय ते," एक बाई न राहवून म्हणाली.

"असू दे," आबा म्हणाले. ते गुडघ्यांवर पुढे सरकले आणि त्यांनी पेला दोन्ही हातांनी धरला. "भरा तुम्ही. मी धरतो."

पेला भरला. अक्काने डोळे मिटले. "देवबापा, मी बोलले ते माघारी घेते. त्याला सांग." ती थांबली. "न्हाई. त्याला मीच सांगते. तू तेवढी गाडी थांबवून धर."

मी आशीर्वादासाठी हात उचलला.

"आशीर्वाद ऱ्हाऊ द्या गुरुजी," आबा म्हणाले. "चपला घाला."

आम्ही तिघे निघालो. आबा पुढे, कारण रुळांतून जवळची वाट त्यांना माहीत होती, मध्ये अक्का, पेल्यावर तळहात झाकून, मागे मी. पाणी हिंदकळू नये म्हणून तिला धावता येत नव्हते आणि गाडी निघेल म्हणून चालवत नव्हते. इंजिन फलाटाच्या टोकाला सोंडेसारख्या नळाखाली उभे होते. मुलगा वर चढून नळाच्या तोंडाची चामडी पिशवी टाकीत पायाने दाबून धरून उभा होता. तोंड काळे, कपाळाला रुमाल. त्याने आईला पाहिले आणि मान दुसरीकडे वळवली.

अक्का इंजिनापाशी जाऊन उभी राहिली. वाफेच्या आवाजात बोललेले ऐकू जाणार नव्हते. तिने पेला दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलून धरला.

तो बराच वेळ हलला नाही. मला वाटते, पेला ओळखायला त्याला तेवढा वेळ लागला. मग तो शिडीवरून उतरला.

"सोडलं व्हतं ते माघारी आणलंय," अक्का म्हणाली. "पी."

त्याने पेला घेतला, तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. मग मनगटाने ओठ पुसले.

"गरम झालंय गं."

"व्हईल न्हाई तर काय. कवाची धरून हाय."

वरून पाण्याचा लोट अंगावर आला. इंजिनाची टाकी भरून वाहू लागली होती. ड्रायव्हर ओरडला, "अरे पहिलवान! आईचं पाणी पिऊन झालं असंल तर इंजिनाचं बघ!" मुलगा रिकामा पेला आईच्या हातात देऊन वर धावला. नळ बाजूला सरला, शिटी झाली, गाडी हलली. वळणापर्यंत तो बाहेर वाकून उभा होता.

परतताना अक्का एकदम थांबली. "सून कशी हाय ते इचारलंच न्हाई मी."

"गुरवारी इचारा," आबा म्हणाले. "गाडी येतीच की." थोडे पुढे गेल्यावर ते मला म्हणाले, "गुरुजी, तेवढा शब्द बदला. बाकी चालंल."

घरी आलो तर दार उघडे होते आणि सगळी मंडळी परातीभोवती जशीच्या तशी बसलेली होती, डोळे मिटून. आशीर्वाद म्हणेपर्यंत कोणी बोलू नये असे मी सांगितले होते, आणि आशीर्वाद म्हणावयाचा राहिला होता. अक्काने पेला परातीत उपडा ठेवला आणि ती आपल्या जागी बसली. मग मी आशीर्वाद म्हटला.