मॅग्नेटोत करडीचं तेल

आमच्या घरात एक फटफटी होती आणि तिचा मला मनापासून कंटाळा होता. माझे यजमान भूम गावी मिस्त्री. पिठाच्या गिरण्या, ऑइल इंजिनं, शिवणयंत्रं, जे बिघडेल ते दुरुस्त करायचे. बार्शीच्या एका कापसाच्या जिनिंगच्या आवारात गंजत पडलेला सांगाडा त्यांनी बैलगाडीत घालून आणला आणि दोन वर्षं खपून चालता केला. चालता म्हणजे तिची मर्जी असेल तेव्हा. गावाला तिचं कौतुक, कारण तिच्या तेलाची धोतरं गावाला धुवावी लागत नव्हती.

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. आमच्या मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, शिक्षण उर्दूतून, आणि मी माहेरी मराठी चौथी झालेली. पुढची पुस्तकं यांनी बार्शीहून आणून दिली, ती मी चुलीपाशी बसून संपवली. सातवीची फायनल बाहेरून द्यायची होती, बार्शीला, इंग्रजी हद्दीत. पास झाले तर मुलींच्या शाळेत मास्तरीण होता येणार होतं. सासऱ्यांनी परवानगी दिली, पण परक्या गावी मुक्काम करायचा नाही, दिवेलागणीला घरी यायचं, या अटीवर. पहिला पेपर गणिताचा, सकाळी अकराला. सर्व्हिस मोटार आमच्या गावातून हलायची तीच दहाच्या पुढं, कधी यायचीच नाही. राहिली फटफटी.

आणि परीक्षा याच वर्षी द्यायला हवी होती, कारण मला दिवस गेले होते. दुसरा महिना. कुणाला सांगितलं नव्हतं, यांनाही नाही. सांगितलं असतं तर मला उंबरठ्याबाहेर पडू दिलं नसतं. पुढच्या वर्षी मांडीवर मूल असणार, आणि लेकुरवाळीला परीक्षेला पाठवणारं घर मी तरी आमच्या भागात पाहिलं नव्हतं.

पेट्रोल कूपनावर मिळायचं, म्हणून दसऱ्यापासून गाडी पडवीत उभीच होती. यांनी एका डब्यात बार्शीच्या खेपांपुरतं पेट्रोल राखून ठेवलेलं. आदल्या दिवशी मी म्हटलं, "एकदा चालू करून बघा." तर म्हणाले, "उगं पेट्रोल जाळू व्हय? मिस्त्री तू हायस का मी?" मी पाढे म्हणायला बसले.

सकाळी सातला मी दशम्या बांधून, पदर खोचून अंगणात उभी. यांनी किक मारली. किक खाली गेली ती वर आलीच नाही. हातानं वर ओढली, पुन्हा मारली. पुन्हा खाली जाऊन बसली. असं वीस-पंचवीस वेळा झालं. इंजिन नुसतं सुस्कारे टाकत होतं.

शेजारचे शिंपी चाचा मशीन सोडून आले. "मिस्त्री, धक्का मारून बघू ना जी." मग रस्त्यानं ढकलाढकली. चाचा एकीकडून, मी दुसरीकडून. पोटाची भीती वाटत होती, तरी हात लावला. मारुतीच्या देवळापर्यंत नेली, परत आणली. एक ठिणगी नाही, एक फट नाही. सासरे ओसरीवरून बघत होते. म्हणाले, "सुनबाई, देवाच्या मनात न्हाय दिसत." मला देवाचा राग आला नाही, त्यांचा आला.

मग यांनी सदरा काढला आणि बसले. पेट्रोलची नळी काढून फुंकली, पेट्रोल नीट येत होतं. प्लग काढला, पुसला, वायर लावून इंजिनाच्या अंगावर टेकवला आणि मला म्हणाले, "मी किक मारतो, तू ठिणगी बघ." मी डोळे फाडून बघितलं. ठिणगी नव्हती. "म्हंजी मॅग्नेटो," ते म्हणाले आणि ठिणगी तयार करणाऱ्या त्या डबीच्या झाकणावरची स्प्रिंगची पट्टी बाजूला केली.

झाकण निघालं आणि मला कळलं.

खंडेनवमीला हे एका गिरणीवर अडकले होते. हत्यारांची, यंत्रांची पूजा तर व्हायलाच हवी. मी फटफटी धुतली, हळदीकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. माहेरी उसाच्या चरकाला पूजेआधी तेल पाजायची रीत होती. इंजिनाच्या तेलाचा, मोबिलचा डबा रिकामा होता, म्हणून स्वयंपाकघरातलं करडीचं तेल घेतलं. किकच्या मुळाशी सोडलं. ती स्प्रिंगची पट्टी सरकवताना यांना मी नेहमी पाहिलं होतं, ती सरकवून आतही चांगलं चमचाभर ओतलं. करडीचं तेल वाळलं की त्याचा डिंक होतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तव्याच्या कडेचा तो पिवळा थर मी दर आठवड्याला राखेनं घासत होते. पण तवा वेगळा आणि फटफटी वेगळी, असं मी धरून चालले होते.

आता तोच पिवळा थर आतल्या दोन्ही पॉइंटवर, उघडमिट करणाऱ्या त्या दोन टोकांवर, बसला होता, आणि किकही त्यानंच धरली होती. यांनी त्याला बोट लावलं, नाकाशी नेलं आणि धोतराला पुसलं. "रॉकेल आण," एवढंच म्हणाले.

कंदिलातलं रॉकेल मी वाटीत ओतून आणलं. चिंधी भिजवायची, काडीला गुंडाळायची, इवल्याशा फटीत घालून फिरवायची. यांचा जाड हात आत पोचत नव्हता, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. थर सुटता सुटेना. मान आखडली, रॉकेलच्या वासानं मळमळत होतं आणि ओकारी दाबून धरायची होती, कारण ओकले असते तर सासूनं एका क्षणात ओळखलं असतं. शेवटी यांनी काड्यापेटीच्या खरखरीत बाजूची पट्टी फाडून पॉइंटच्या मधे घातली आणि हलक्या हातानं घासली. पुन्हा प्लग टेकवला. निळी ठिणगी पडली, बारीक पण पडली. तेवढ्यात कचेरीत दहाचे टोल झाले.

किक दुरुस्त करायला वेळ नव्हता. चाचांनी ढकललं, गाडी धडधडली, मी उडी मारून मागं बसले. बार्शी म्हणजे त्या रस्त्यानं दोन तास. मला हिशेब येत होता, गणिताचाच पेपर होता ना. तरी गेलो. हद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायानं थांबवलं, तेव्हाही यांनी इंजिन बंद केलं नाही. सारी वाट मी पाढे म्हणत होते.

शाळेचं दार बंद होतं. पर्यवेक्षक बाहेर आले. म्हातारे होते, वाईट नव्हते. म्हणाले, "अर्ध्या तासानंतर आत घेता येत नाही, बाई. पुढच्या वर्षी या."

यांनी हात जोडले. या माणसाला मी कुणापुढं हात जोडताना पाहिलं नव्हतं. "साहेब, हिची काय चूक न्हाय. तेल म्या भलतंच घातलं गाडीत. लई शिकलीय वो ही." तेल मी घातलं हे त्यांना झाकण उघडल्यापासून ठाऊक होतं तर. मी त्यांची बाही ओढली आणि म्हटलं, "चला."

परत येताना नाका ओलांडल्यावर एका बाभळीखाली त्यांनी गाडी थांबवली. दशम्या सोडल्या, पण मला घास जाईना. ते समजुतीनं म्हणाले, "तोंड का पाडतीस? पुढल्या साली बसू. आदल्या रोजी गाडी चालू करून बघीन, मग तर झालं?"

"पुढल्या साली न्हाय जमायचं," मी म्हटलं, आणि का ते सांगितलं.

ते उठून उभे राहिले. हातातली दशमी तशीच. आधी चेहऱ्यावर भीती आली, "आन् तू गाडी ढकललीस?" म्हणाले. मग हसू आलं, ते आवरेना. सकाळी तेला-रॉकेलनं काळे झालेले हात दशमीसकट आभाळाकडं जोडून ते त्या माळावर एकटेच हसत उभे राहिले. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला रडायचं होतं, पण त्या हसण्यापुढं रडणं बरं दिसलं नसतं. मी पदरानं तोंड पुसलं आणि गाडी ढकलायला उठले.

"तू बस, तू बस," ते म्हणाले, आणि त्यांनी एकट्यानं ढकलली.